सन्माननीय व्यासपीठाच्या आधीच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे, आणि गेल्या महिन्यापर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसलेला होतो. कोणी शिक्षा केली होती असं नाही. नवीन जालन्यातल्या एका फ्लॅटमध्ये मला टीव्हीच्या शेजारी तसंच ठेवलं होतं, कारण माझ्या तोंडावरची जाळी फाटली आहे आणि ती पाहुण्यांना बरी दिसत नाही. डोक्यावर एक प्लास्टिकचं झाड होतं. त्या झाडाला दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायचे. मला पुसत नसत. सजीवांची निगा आधी राखावी, असा त्या घराचा रिवाज असावा.

माझा जन्म कोणत्याही नावाजलेल्या कारखान्यात झाला नाही. जुन्या जालन्यात कापडदुकानांच्या गल्लीत नागसेन मिस्त्री रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला जुळवलं. पेटी सुताराने केली, मोटार एका बिघडलेल्या टेपातली घेतली, दोन स्पीकर दुसऱ्याच कोणाचे. समोर कंपनीचं नाव असतं त्या जागी मिस्त्रींनी एक सोनेरी पट्टी चिकटवली. नाव विचारलं की लोक त्या पट्टीकडे बोट दाखवायचे आणि विचारणाराही मान हलवायचा. मला मात्र तेव्हापासूनच थोडं ओशाळं वाटत आलं आहे.

मला घ्यायला आले ते टेंभुर्णीचे पुंजाराम. जमीनजुमला बरा, आवाज मोठा, पायात नवे जोडे. माझा आवाज गोड आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "वेशीपर्यंत जाईल ना बराबर?"

नागसेन मिस्त्री माझा शेवटचा स्क्रू पिळत म्हणाले, "वेशीपर्यंत जाईल. पन राह्यचं तुमाला घरात हाये, ते पाहा."

पुंजाराम हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

टेंभुर्णीत पोचल्यावर मला बैठकीच्या खिडकीत बसवलं, तोंड गल्लीकडे करून. माझ्या मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. आता टेपाची रचना अशी असते, मित्रांनो, की शब्द निघतात पुढून. मागच्या भोकांतून बाहेर येते ती थोडी ऊब आणि ढोलकीचा ठोका. त्यामुळे गाण्यातला शब्दन्‌शब्द गल्लीत जायचा आणि ठोका तेवढा चुलीपाशी. पुंजारामांच्या बायको उषाबाई त्या ठोक्यावर भाकरी थापायच्या. गावभर पसरलेली माझी सगळी गाणी त्यांनी अशी पाठीमागून ऐकली. गोधडी पांघरून कोणी बोलावं, तशी.

बाहेर मात्र माझा दरबार भरायचा. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची. शेजारचे बद्रीनाथ सगळ्यांत आधी येऊन बसायचे. कॅसेटी लोखंडी पेटीत कुलूपबंद असत आणि किल्ली पुंजारामांच्या करदोट्याला. कोणी फर्माईश केली की पुंजाराम आधी त्याच्याकडे बारीक नजरेने पाहायचे, मग किल्ली काढायचे. ज्याच्याशी बांधाचं भांडण चालू आहे त्याची फर्माईश पेटीत सापडायची नाही. ज्याच्याकडे मुलगी पाहायला जायचं आहे त्याची चटकन सापडायची. गाव म्हणायचं, काय आवाज आहे. मी फुगून जायचो. पेटी प्लायवूडची होती, तरी फुगायचो.

मग पंचमी आली. उषाबाई माहेरी गेल्या आणि येताना त्यांनी एक कॅसेट आणली. झोक्यापाशी फेर धरताना तिकडच्या बायकांनी ती लावली होती. फेराच्या गलक्यात त्यातल्या पहिल्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द तेवढे कानी पडले आणि उषाबाई जागीच उभ्या राहिल्या, तेव्हा भावाने ती कॅसेट काढून सरळ त्यांच्या पिशवीत टाकली. उषाबाईंच्या मालकीची अशी त्या घरात ती पहिली कॅसेट. त्या बाहेर आल्या, पुंजारामांच्या हातात ती दिली आणि म्हणाल्या, एकदा लावता का. पुंजारामांनी लावली. मी वाजलो.

माहेराच्या वाटंवरी बाभळीला आली फुलं,
सांज झाली, दारामंदी दिवा घेऊन कोन आलं...

उषाबाई दारात उभ्या होत्या, पिठाचे हात पदराला न लावता तसेच धरून. पहिल्यांदाच त्या माझ्यासमोर होत्या. तेवढ्यात सोसायटीचा माणूस पुंजारामांना बोलवायला आला आणि त्यांनी मला बंद केलं. उद्या पुन्हा लावू, असं म्हणाले. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट माझ्यात खरंच लागली.

दुसऱ्या दिवशी पुंजारामांचा सत्कार होता. ते गावच्या दूध संस्थेचे उपाध्यक्ष झाले होते आणि शाळेपुढच्या मांडवात त्यांचं भाषण होतं. ते भाषण भरून घ्यायचं ठरलं. माझ्यात तशी सोय होती. नागसेन मिस्त्रींनी दोन हेड बसवली होती, एक पुसायला आणि एक भरायला. बद्रीनाथांनी मला टेबलावर ठेवलं, माईक जोडला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की कोरी कॅसेट आणायची राहिली. लोखंडी पेटीची किल्ली पुंजारामांच्या करदोट्याला आणि पुंजाराम हारांच्या खाली. हाताशी होती ती माझ्या पोटातली एकच.

विकत घेतलेल्या कॅसेटीवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर एक खाच ठेवलेली असते. त्या काळी ही खाच बुजवायची युक्ती गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होती. बद्रीनाथांनी सुपारीच्या पुडीचा कागद चुरगळून त्याचा बोळा केला, खाचेत दाबला आणि माझी दोन बटणं एकदम खाली ढकलली. रीळ पूर्ण मागे गेलेलं नव्हतं. म्हणून पहिल्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या. त्यांच्यापुढे खट्ट असा आवाज, आणि मग पुंजाराम.

"सन्माननीय व्यासपीठ, आणि माझ्या बंधू-भगिनींनो. दूध ही एक पांढरी गोष्ट आहे."

भाषण एका बाजूवर मावलं नाही. उरलेलं दुसऱ्या बाजूवर भरलं. उषाबाईंच्या कॅसेटीतली सगळी गाणी त्या दुपारी माझ्यातून पुसून गेली, आणि दारात दिवा घेऊन कोण आलं, ते सांगणारी ओळ सगळ्यांत आधी गेली.

घरी आल्यावर उषाबाईंनी एकदाच विचारलं की त्यात आपली कॅसेट होती ना. पुंजाराम म्हणाले, दुसरी आणू. जालन्याला गेल्यावर त्यांनी एका दुकानात विचारलंही. पण त्यांना ना गाण्याचं नाव माहीत होतं ना गाणारीचं. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, बायकांचं एक गाणं आहे. दुकानदाराने पूर्ण फळीच दाखवली. पुंजाराम त्यातली एकही न घेता परत आले आणि येताना माझ्यासाठी एक झाकण घेऊन आले, धूळ बसू नये म्हणून.

त्यानंतर ते भाषण गल्लीने किती ऐकलं, ते विचारू नका. सोयरे आले की भाषण. मुलगा सोमेश्वरला पाहायला मंडळी आली, त्यांनाही चहाच्या आधी भाषण. आणि दर वेळी एक गोष्ट घडायची. बटण दाबलं, त्या दोन ओळी सुरू झाल्या की उषाबाई हातातलं काम टाकून दारात यायच्या. तशाच उभ्या राहायच्या. 'सन्माननीय' ऐकलं की पाठ फिरवून आत.

पुंजाराम पाहुण्यांना सांगायचे, "पाहा, माझं भाषण लागलं की आमची बाई चूल सोडून येती. मंग लाजती आन् आत पळती."

पाहुणे कौतुकाने हसायचे. मी वाजत राहायचो. मित्रांनो, माणसाला लाज वाटली की तो मान खाली घालतो. टेपाला तेही जमत नाही. त्याला पुढचं वाक्य बोलावंच लागतं, आणि पुढचं वाक्य दुधाबद्दल होतं.

दिवस गेले. सोमेश्वरला नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली आणि काही वर्षांनी आईवडीलही त्याच्याकडे राहायला आले. पुंजाराम येताना मला आणि ती एक कॅसेट घेऊन आले. बाकीची पेटी गावीच राहिली. मला त्यांनी ऑटोतून स्वतःच्या मांडीवर आणलं. सूनबाई मीना यांनी मला पाहून काहीच म्हटलं नाही. फक्त झाड आणलं.

या घरात गाण्याची काही कमी नाही. सोमेश्वरच्या कानात गाणं असतं, मीनाच्या कानात असतं, त्यांची मुलगी छकुली कॉलेजात जाते, तिच्या दोन्ही कानांत असतं. घरात चौघेपाचजण वावरत असतात आणि वर्गात पेपर चालू असावा तशी शांतता असते. कोणाला काही विचारलं की आधी "हां?" ऐकू येतं, मग कानातून काहीतरी निघतं, मग उत्तर. छकुली सांगते की तिच्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत. एकही तिच्या मालकीचं नाही, असंही तीच सांगते, आणि त्याचं तिला काही वाटत नाही.

पुंजारामांना वाटतं. ते सोफ्यावर बसून म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं, घर मिळून ऐकायचं. हे वाक्य ते म्हणायचे तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून होतो, याबद्दल मी मीनाबाईंचा आभारी आहे. कारण घर कधीच मिळून ऐकत नव्हतं, मित्रांनो. मिळून ऐकायची ती गल्ली. घराला ठोका मिळायचा.

गेल्या महिन्यात बद्रीनाथ डोळे दाखवायला जालन्याला आले आणि दुपारी जेवायला घरी थांबले. रविवार होता, सगळी घरी होती. जेवण झालं आणि पुंजारामांना स्फुरण चढलं. त्यांनी झाड उतरवलं, मला फिरवलं, पिन लावली आणि छकुलीला बोलावलं. तुझा आबा काय बोलायचा ते ऐक एकदा, असं म्हणाले. छकुलीने एका कानातलं काढलं. दुसरं राहू दिलं.

माझ्या पोटातला रबरी पट्टा आता सैल झाला आहे. तो मोटारीवरून घसरतो आणि रीळ रेंगाळत फिरतं. गाण्याच्या दोन ओळी आल्या त्या अशा, जणू गाणारी बाई विहिरीतून बोलते आहे. बाभळीची फुलं लांबली, दिवा लांबला. छकुलीला हसू आलं. सोमेश्वर फोनात पाहायला लागला. मी कुठे तोंड लपवावं ते मला कळेना, कारण तोंडच मध्यभागी आणून ठेवलेलं.

आणि स्वयंपाकघरातून उषाबाई आल्या. गुडघे धरून, भिंतीला हात लावत, पण आल्या. दारात उभ्या राहिल्या.

पुंजारामांचा चेहरा उजळला. "पाह्यलं का बद्रीनाथ? अजून येती. सगळं इसरली, पन माझं भाषन इसरली न्हाई."

खट्ट झालं. "सऽऽन्माऽऽननीऽऽय," असं मी म्हशीसारखं म्हणालो. उषाबाई वळल्या.

छकुलीने दुसऱ्या कानातलंही काढलं. "आज्जी, थांब ना. सुरू तर आत्ता झालं. तुला एवढं आवडतं आबांचं भाषण, तर बस की."

उषाबाईंनी वळून पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नसावा. "भाषन कुठलं, बाई? ते गानं माझ्या कॅसेटीचं हाये. भाषन लागलं की मी जाते."

असं म्हणून त्या आत गेल्या. रागाने नव्हे. गॅसवर दूध होतं.

मी चालूच होतो. दूध ही एक पांढरी गोष्ट आहे, हे मी हळूहळू सगळ्यांना सांगत होतो. शेवटी सोमेश्वरने हात लांब करून मला बंद केलं. बद्रीनाथांनी डोळ्यांत औषध घातलेलं होतं, ते पुसायच्या निमित्ताने त्यांनी रुमाल काढला.

"बोळा मीच लावल्ता," ते म्हणाले. "पुंजाराम, मला वाटलं तू घरात इचारून आनली आसंल."

पुंजाराम हाताचा पंजा माझ्यावर ठेवून बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे दारातली ती बाई येत असावी, सोयऱ्यांपुढे, पाहुण्यांपुढे, दर वेळी पिठाच्या हातांनी उभी. आणि दर वेळी शेजारी ते स्वतः, तिच्याकडे बोट दाखवत. मला ते सगळं आधीपासून माहीत होतं. त्यांना ते एका दुपारीत कळत होतं. त्यांचे कान लाल झाले आणि मग मानही. उपाध्यक्ष झाले त्या दिवशी गुलालाने झाली होती तितकी.

छकुलीने मध्येच विचारलं, "आबा, ते पुन्हा लावा. नुसतं गाणं."

पुंजारामांनी रीळ मागे नेलं. बटण त्यांनी वेळेवर दाबलं आणि खट्ट व्हायच्या आत बंदही केलं. छकुलीने त्या दोन ओळी फोनमध्ये लिहिल्या. काही वेळ बरंच काही भलतं निघालं. मग ती थांबली, म्हणाली, "हेच असेल," आणि आपला मुठीएवढा स्पीकर टेबलावर माझ्याशेजारी ठेवला. त्याला तार नाही, जाळी फाटलेली नाही, आणि तोंड कुठे आहे तेही चटकन कळत नाही. मी जरा सरकलो असतो, तर बरं झालं असतं.

आधी एका माणसाने गुडघ्यांच्या तेलाबद्दल सांगितलं. पुंजारामांनी ते गाण्याचा भाग समजून मान डोलवली. मग ढोलकी वाजली.

छकुली आत जाऊन आजीला हाताला धरून घेऊन आली आणि तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. उषाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. माहेराच्या वाटेवर बाभळीला फुलं आली. कशी स्वच्छ आली, मित्रांनो. मला माझ्या तरुणपणीही तशी आणता आली नव्हती. सांज झाली. दारामध्ये दिवा घेऊन कोण आलं.

आणि उषाबाई उठल्या.

कोणी काही म्हणायच्या आत त्या उठल्या, पदर सावरला आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागल्या. इतक्या वर्षांची सवय. दुसरी ओळ संपली की जायचं, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. गाणं पुढे गेलं. जी ओळ मी पुसली होती ती खोलीत आली आणि रिकाम्या खुर्चीला ऐकू गेली. मुद्दाम कोणी कोणाला लाजवायचं ठरवलं असतं, तरी इतकं नीट जमलं नसतं.

छकुली आजीला हाक मारणार होती. पुंजारामांनी हाताने तिला थांबवलं. "बोलवू नको तिला," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून लाव. आन् हे उचललं तर बंद तर नाही ना पडत?"

नाही पडत, असं छकुली म्हणाली.

पुंजारामांनी तो स्पीकर दोन्ही हातांत धरला. ते उठले, आणि उभ्या आयुष्यात ज्यांनी गाणं घराबाहेरच नेलं होतं, ते पहिल्यांदा गाणं घेऊन आत निघाले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी तो ठेवला. कुठून आवाज येतो ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो कानाला लावून पाहिला, फिरवला, पुन्हा कानाला लावला, आणि खात्री झाल्यावर उषाबाईंकडे तोंड करून ठेवला. मी टेबलावरून त्यांची पाठ पाहत होतो. या खेपेला मागे मी होतो.

बाभळीला फुलं आली. सांज झाली. उषाबाईंना जायला आता पुढे जागा नव्हती. त्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि तिसरी ओळ आली.

दिवा व्हता माईचाच, हात मातर भावजयीचा...

गाणं पुढे चालू होतं. मग उषाबाई म्हणाल्या, "भावजय व्हय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मी इतके वर्षं माय समजून राह्यले."

टेंभुर्णीच्या दूध संस्थेचे माजी उपाध्यक्ष, आणि समोर एकच श्रोता. त्यांनी गॅस बारीक केला. दूध उतू जाणार होतं.

गाणं संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. बद्रीनाथ बाहेर रुमाल घेऊन बसले होते. माझ्या पोटातल्या कॅसेटीच्या खाचेत तो सुपारीचा कागद अजून घट्ट बसलेला होता. मिस्त्रींनी बसवलेल्या एकाही स्क्रूने इतकी वर्षं तग धरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. झाड परत ठेवलं, पण मला भिंतीकडे फिरवलं नाही. स्वयंपाकघराचं दार दिसेल असं वळवलं. मी आता वाजत नाही. दाराकडे तोंड करून बसतो आणि आतला आवाज ऐकतो. रोज सकाळी पुंजाराम छकुलीला उठवून विचारतात की आज्जीचं कोणतं लावायचं. मग आत जाऊन उषाबाईंना विचारतात. उषाबाईंना अजून नीट सांगता येत नाही. कोणी विचारलंच नव्हतं, तर सवय कुठली असणार. काही दिवस त्या म्हणायच्या, तुम्हाला आवडंल ते लावा. परवा म्हणाल्या, "ढोलकीचं नको. ढोलकी लई ऐकली."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगायला हवं. जपा. माझा पट्टा कोणी बदलला तर मी नको म्हणणार नाही. पण मला जपलं होतंच की. झाकण आणलं होतं, मांडीवर आणलं होतं. तेव्हा मी एवढंच मागतो. तुमच्या घरात गाणं कशातूनही येऊ द्या, पेटीतून, फोनातून, नाहीतर कानातल्या त्या दोन बियांतून. लावण्याआधी एकदा पाहा, त्याचं तोंड कोणाकडे आहे. आणि जी माणसं त्याच्या पाठीमागे उभी असतील, त्यांना तिसरी ओळ ऐकू येते का, ते जाऊन विचारा. त्यांना बोलावू नका. तुम्हीच आत जा.